वाढलेली सावली

१

डोळे मिट बघू. आता कांदिवली डोळ्यांपुढे आण. हायवे, उड्डाणपूल, गच्च्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या, सगळं जसंच्या तसं. त्यात थोडी जादू घाल. फार नको, आमटीत मीठ घालतो तेवढीच.

या कांदिवलीत लिफ्ट वर जाताना जांभई देते. कावळे निरोप पोचवतात आणि पत्ता चुकला तर पत्त्यालाच शिव्या घालतात. वरच्या मजल्यांवर पाणी चढतं ते सोसायटीच्या मांत्रिकाने खाली उभं राहून दिलेल्या दमावर. मांत्रिकाचा स्वतःचा दम कमी पडला तर तो मालाडच्या बाजारात जातो. तिथे पापडांच्या दुकानाला लागून एक दुकान आहे. आत साड्यांसारख्या घड्या घालून सावल्या ठेवलेल्या असतात. आपली सावली गहाण ठेवायची आणि दम उसना न्यायचा, असा तिथला व्यवहार.

म्हणजे या शहरात कर्जबाजारी कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही. नमस्कार करायच्या आधी लोक समोरच्याच्या पायांशी बघतात. सावली असेल तर "या, बसा." नसेल तर "बोला, काय काम होतं?"

अश्वत्थ सोसायटीचा मांत्रिक धाकू याला सावली नव्हती. मूळचा देवगडकडचा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि धाकूच्या वाट्याला आजोबांची विद्या तेवढी आली. पंपाच्या खोलीशेजारी तो आणि त्याची मुलगी अबोली राहायचे. काम नसेल तेव्हा धाकू अंगणातल्या पिंपळाखाली बसायचा. ऊन असो, पाऊस असो, तिथेच.

आणि वैशाखातल्या एका एकादशीला, भर दुपारी, त्या पिंपळाची सावली नाहीशी झाली.

झाड जागच्या जागी होतं. पानं सळसळत होती. पण फरशीवर कवडसा नाही, गारवा नाही, नुसतं पांढरं ऊन. पाराशी बसलेल्या भाजीवालीची मेथी बघता बघता मान टाकत होती.

चोर कोण हे ठरवायला सोसायटीला तेवढाही वेळ लागला नाही. ज्याची सावली गहाण आहे, त्याच्याशिवाय दुसऱ्याची सावली कोण चोरेल?

२

शुभाबाई वरीचा भात आणि नारळाची चटणी घेऊन जेवायला बसल्या होत्या, तेवढ्यात बेल वाजली. दारात अध्यक्ष सुबोध उभा होता, घाम पुसत.

शुभाबाईंनी उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं. निम्मी सोसायटी त्यांच्या हाताखालून गेलेली, सुबोधसुद्धा. तो आज सोसायटीचा अध्यक्ष असला तरी त्यांच्या लेखी तिसऱ्या बाकावरचा मुलगाच. त्याने घाईघाईत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला की दिवेलागणीला धाकूची जीभ बांधायची असं कमिटीने ठरवलंय. पण नियम असा, की जीभ बांधण्याआधी सोसायटीतल्या एका पंचाने चौकशी करावी लागते. ते तेवढं बाईंनी केलं म्हणजे झालं.

"तेवढं म्हणजे केवढं?" बाईंनी विचारलं.

"नावापुरतं हो, बाई. तुमचे गुडघे दुखतात. खाली यायचीही गरज नाही."

बाईंनी ताट झाकून ठेवलं. जीभ बांधणं म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काळा दोरा एकदा जिभेला लागला की मांत्रिकाला पुन्हा मंत्र उच्चारता येत नाही. मंत्र नाही तर काम नाही, काम नाही तर कर्ज फिटणार नाही. आणि बापाचं कर्ज फिटलं नाही, तर दुकानदार लेकराची सावली नेतो. अबोली चौथीत होती.

एका मुलीची सावली जायची होती आणि हा म्हणत होता नावापुरतं.

त्यांनी काठी घेतली. "सुबोध, मी खालीच येते. तू हो पुढे."

३

धाकू खोलीच्या उंबऱ्याआड बसला होता. दुपारपासून बाहेर आलाच नव्हता. आज बारा वाजता पिंपळाची पूजा झाली, तिला ये म्हणून कुणी बोलावलं नव्हतं; उलट सुबोधने बजावलं होतं, की बिनसावलीचा माणूस पूजेत अपशकुनी, आज लांब राहा. दरवर्षी वैशाखात ही पूजा व्हायची आणि नारळ धाकूच्या हातचा असायचा. यंदा तो खोलीत बसून नुसता आवाज ऐकत होता.

"बाई," तो म्हणाला, "माझी सावली गेली ती माझ्या पायांनी गेली. मी कोणाची उचलूक नाय."

बाईंनी विचारलं, मुळात सावली गहाण का ठेवलीस? धाकूने हळूहळू सांगितलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी पाण्याचा दाब पडला. वरच्या मजल्यांवर थेंब चढेना. धाकू कमिटीकडे गेला, की जास्तीचा दम लागेल, सगळ्यांनी थोडा थोडा द्या, प्रत्येकाने एक दीर्घ श्वास दिला तरी भागेल. कमिटी म्हणाली, बघू. कमिटी अजून बघतेच आहे. वरच्या मजल्यावर एक बाळंतीण होती. धाकू मालाडला गेला आणि सावली ठेवून आला.

बाईंच्याही नळाला पाणी येत होतं, रोज, वेळेवर. ते कुठून येतं हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मग हे कुणाला बोलला का नाहीस?"

"सांगून काय होणार? लोक पायांकडे बघतत, तोंडाकडे खंय बघतत?"

बाई उठल्या. तेवढ्यात गेटमधून एक जाडजूड माणूस आत आला. त्याच्या हातात काळी दोरी होती.

४

तो चंद्रप्रकाश, मालाडचा सावलीवाला. दोरी तो धंद्यासाठी बाळगतो. सावल्या बांधून न्यायला. कमिटीचा निरोप कावळ्याने दिला म्हणून आला होता, की आज जीभ बांधली तर मुलीच्या सावलीचं बघून ठेवायला हवं. हे त्याने अगदी सहज सांगितलं, जसं एखादा पडद्यांचं माप घ्यायला येतो.

बाईंनी त्याला सरळ विचारलं, की धाकूने पिंपळाची सावली तुझ्याकडे आणून टाकली, असं लोक म्हणतात, ते खरं का.

चंद्रप्रकाश हसला. "अहो बाई, झाडाची सावली घेऊन मी काय करू? सकाळी ती या बाजूला, संध्याकाळी त्या बाजूला. घडीच बसत नाही तिची. आणि तिला पाय नाहीत, मग दोरी बांधायची कुठे? माझ्या धंद्यात ती फुकट दिली तरी कुणी घेणार नाही. धाकूला हे माहीत आहे. दर महिन्याला येतो ना तो, दारात उभा राहून आपली सावली बघून जातो."

म्हणजे चोरी करून धाकूचं कर्ज फिटणार नव्हतं. कारणच उरलं नाही.

पाराशी भाजीवाली वनमाला ओल्या गोणपाटाखाली उरलीसुरली भाजी वाचवत होती. ती तोंडाची फटकळ. "बाई, तुम्हीच सांगा, सावली घालवायला धाकूला काय येड लागलंय? हा बाबा दिवसभर माझ्या शेजारी बसतो ते काय माझ्या गप्पा ऐकायला? सावलीत बसलं की कुणाला सावली हाय नि कुणाला नाय, कळत नाही. इथे बसला की तो तुमच्यासारखाच माणूस."

दोन वर्षं तो पिंपळाखाली का बसतो हे बाईंच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सगळ्या सोसायटीत ही सावली जपायचं सर्वांत मोठं कारण ज्याच्यापाशी होतं, त्यालाच लोकांनी चोर ठरवलं होतं.

त्यांनी वनमालाला पूजेचं विचारलं. तिने सगळं रंगवून सांगितलं. सुबोधने स्वतः नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "या पिंपळाची सावली वाढो." सगळे म्हणाले, "वाढो, वाढो." मग दगडावर नारळ आपटला आणि खोबऱ्याचे तुकडे करून वाटले. धाकूच्या खोलीत काही कुणी नेऊन दिलं नाही; वनमालाने आपल्यातला अर्धा तुकडा अबोलीच्या हातावर ठेवला. "साहेबांनी स्वतः काय घेतलं नाही हां. एकादशी आहे म्हणाले. आणि हो, सकाळी मला म्हणाले, उद्यापासून दुसरीकडे बस. मी म्हटलं का? तर म्हणाले, कळेल."

"हे पूजेच्या आधी म्हणाला?"

"आधी. मी टोपली उतरवत होते तेव्हा."

ऊन डोक्यावरून सरकलं होतं. बाई घरी परतल्या, आणि दार उघडं ठेवून खुर्चीत बसल्या. डोक्यात काहीतरी टोचत होतं आणि हाताला लागत नव्हतं.

५

दारात अबोली आली. हातात बाईंची वाटी. दोन दिवसांपूर्वी तिने साखर उसनी नेली होती. वाटीत साखर होती, आणि साखरेवर चार करवंदं.

"ही कशाला गं?" बाई म्हणाल्या.

"भांडं रिकामं परत करायचं नसतं. बाबा म्हणतात, आपल्याकडे काही नसलं तरी चिमूटभर काहीतरी घालायचं." मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "बाई, माझी सावली नेली की दुखतं का?"

बाईंनी मान खाली घातली, आणि तशाच थिजल्या. उतरतं ऊन गॅलरीतून मुलीच्या पाठीवर पडलं होतं. तिची लांब सावली थेट बाईंच्या पायांपर्यंत आली होती. आणि त्या सावलीत, खांद्याच्या जागी, काहीतरी हलत होतं. अबोली स्तब्ध उभी होती. वारा नव्हता.

ते पान होतं. टोकाला लांब शेपटी असलेलं, हृदयाच्या आकाराचं. पिंपळाचं.

६

बाईंचा पहिला विचार वाईट होता: पोरीनेच तर बापासाठी नाही ना? पण दुसऱ्याच क्षणी त्यांना देवापुढे ठेवलेला प्रसाद आठवला. शेजारच्यांनी दुपारी वर आणून दिला होता. जेवण अर्धवट टाकून त्या उठल्या आणि तो तसाच राहिला. त्यांनी ती प्रसादाची वाटी उचलली, गॅलरीच्या कठड्यावर ठेवली.

वाटीत खोबऱ्याचा तुकडा. कठड्यावर मात्र सावली पडली ती खोबऱ्याची नव्हती. एक इवलंसं पान सळसळत होतं.

आता सगळं आपोआप जागेवर बसायला लागलं. बाईंनी हा धडा वर्षानुवर्षं शिकवला होता. आपल्या भाषेत काही गोष्टींना अशुभ शब्द लावत नाहीत. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. दुकान बंद करायचं तर दुकान वाढवायचं. आणि नारळ कधी फोडायचा नाही, वाढवायचा. या शहरात शब्द उगाच बोललेला नसतो, तो लागतो. पण ज्या वेळी ज्या वस्तूसह बोलाल, त्या अर्थाने लागतो. हातात नारळ धरून कुणी म्हटलं की सावली वाढो, तर सावलीचं काय होईल?

नारळाचं होतं तेच. दोन शकलं, मग तुकडे, मग प्रसाद.

दुपारी बारा वाजता प्रत्येकाची सावली त्याच्या पायाखाली दडलेली असते, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. नंतर सगळे पंखे लावून घरात बसले. पण उन्हं कलली की सावल्या लांबतात, आणि लांब सावलीला काही लपवता येत नाही.

"अबोली," बाई म्हणाल्या, "दुखणार नाही. कारण ती कुणी नेणारच नाही. ही वाटी धर आणि चल माझ्याबरोबर."

७

कमिटीला बैठक ऑफिसात घ्यायची होती, पंख्याखाली. बाईंनी अंगणातच घ्यायला लावली. पंच म्हणेल तिथे बैठक, हाही नियमच होता. त्यांनी सगळ्यांना मावळतीकडे पाठ करून उभं केलं. लोक कुरकुरले. धाकू एका टोकाला, त्याच्याजवळ दोरी घेऊन चंद्रप्रकाश.

"आता सगळ्यांनी आपापली सावली बघा," बाई म्हणाल्या.

आधी कुणीतरी हसलं. मग एक बाई किंचाळली. सेक्रेटरीच्या सावलीच्या डोक्यावर पानांचा झुपका हलत होता. सातव्या मजल्यावरच्या आजोबांच्या काठीला पालवी फुटली होती. वनमालाच्या कानांत दोन पानं, डुलांसारखी. अंगणभर नुसती सळसळ, आणि सगळ्यांच्या अंगांना दुपारपासून जाणवणारा तो गारवा; जो तो समजत होता की आज ऊन जरा कमीच आहे.

बाईंनी सावकाश समजावून सांगितलं. नारळ, वाढो, प्रसाद. सावली कुणी चोरलेली नव्हती. ती सगळ्यांनी मिळून खाल्ली होती.

"माझ्या वाट्याचं पान या वाटीत आहे. ते सोडलं तर सोसायटीतल्या दोनच सावल्यांत पान नाही," त्या म्हणाल्या. "एक धाकूची, कारण ती इथे नाहीच, आणि त्याला प्रसाद तुम्ही दिलाच नाही. दुसरी कुणाची?"

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. सुबोधची सावली सरळ, स्वच्छ, मनुष्याची होती.

"बाई, अहो," सुबोध म्हणाला, "मी तर चांगलंच म्हणालो. वाढो म्हणजे वाढो. चुकून झालं असेल. मला काय माहीत?"

"मग प्रसाद का नाही खाल्लास?"

"एकादशी होती."

"मलाही होती. तू बेल वाजवलीस तेव्हा मी नारळाची चटणीच खात होते. एकादशीला खोबरं चालतं, सुबोध. या अंगणातल्या शेंबड्या पोराला हे माहीत आहे. ज्याला त्या खोबऱ्यात काय आहे ते ठाऊक होतं, तोच एकटा ते खायला घाबरला."

कुणीतरी मागून फिसकन हसलं. सुबोधचे कान लाल झाले.

बाई थांबल्या नाहीत. नव्या टॉवरची बोलणी वर्षभर या पिंपळापाशी अडली होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सावली देणारं झाड या शहरात तोडता येत नाही. सावली न देणारं येतं. पिंपळ गेला की नवा टॉवर उभा करायला जागा मोकळी, अध्यक्षाला वरचा मोठा फ्लॅट. म्हणून वनमालाला सकाळीच उद्याचं सांगून झालं होतं. आणि मोडलेली सावली परत जोडू शकेल असा सोसायटीत एकच माणूस होता, तेव्हा आधी त्याची जीभ बांधायची.

"वाढवणे या शब्दाचे अर्थ तुला मी शिकवले," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुझं उत्तर वर्गात सगळ्यात बरोबर आलं होतं. ते या कामासाठी शिकवलं नव्हतं मी."

सुबोध ऑफिसच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. चंद्रप्रकाशने दोरी गुंडाळून खिशात घातली.

८

इथे गोष्ट संपायला हवी होती. बाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी सांगितलं की आता ज्याने त्याने पाराशी यायचं, आपल्यातलं पान झाडाला द्यायचं, धाकू मंत्र म्हणेल, सावली जोडली जाईल.

कुणी हललं नाही.

सेक्रेटरी म्हणाला, उद्या बघू, आज उशीर झालाय. एक काकू म्हणाल्या, नाहीतरी पोटात गेलेलं परत कसं मागतात, बाई? कुणी म्हणालं, आधी बाकीच्यांनी द्यावं. आजोबा काठीकडे प्रेमाने बघत म्हणाले, या वयात जरा गारवा मिळतोय. वैशाखात स्वतःबरोबर हिंडणारी सावली कुणाला नको असते?

बाईंचं डोकं फिरलं. "अरे, ज्याला मघाशी चोर म्हणालात त्याची सावली दोन उन्हाळे तुमच्या टाक्यांत पाणी होऊन चढते आहे. त्याने कधी म्हटलं, बघू? कर्ज कुणाचं आणि कर्जबाजारी कोण? आणि आता हातात चोरीचा माल धरून तुम्ही मला उशिराचं सांगता?"

माणसं खाली बघत राहिली. पण पायाशी पानं सळसळत होती, आणि खाली बघितलं की ती फार सुंदर दिसत होती.

धाकू मात्र आपल्या मुलीकडे बघत होता. अबोलीच्या खांद्यावरचं ते एकुलतं पान. तिच्याजवळ वाढलेली ती एवढीच श्रीमंती. तो म्हणाला, "ऱ्हवांदे, बाई. पोरीचा तरी ऱ्हवांदे."

अबोलीने हातातली वाटी बाईंकडे दिली. ती पारावर चढली, पिंपळाच्या बुंध्याशी टेकून बसली आणि आपली सावली मुळांवर पडेल अशी सरकली. मग तिने सावलीतलं पान चिमटीत धरलं, खुडलं, मुळाशी ठेवलं. आणि बोटं तशीच परत नेऊन आपल्या स्वतःच्या सावलीतलाही एक चिमूटभर काळोख काढला, वेणीच्या टोकाजवळचा, आणि पानावर घातला.

"घे," ती झाडाला म्हणाली.

धाकूचे ओठ हलले. पिंपळाखालच्या फरशीवर शाळेच्या पाटीएवढा एक काळा तुकडा उमटला. गार, सळसळता.

अबोली खाली उतरली, उन्हातून चालत बाबांपर्यंत गेली, त्यांचा हात धरला, आणि सगळ्यांच्या मधून त्यांना ओढत आणून त्या पाटीएवढ्या सावलीत उभं केलं.